पुन्हा पुन्हा भरणारी गाठ

(इंदूरमधील मराठी महिला मंडळात एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेलं व्याख्यान)

मैत्रिणींनो, बार्थोलिन सिस्टबद्दल आपल्या बायका सख्ख्या बहिणीशीही बोलत नाहीत, म्हणून आज सगळ्यांसमोर बोलते. योनिमार्गाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या ग्रंथी असतात. कास्पर बार्थोलिन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्यांची जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची नळी बुजली की स्राव आत साठून गाठ होते, तीच बार्थोलिन सिस्ट. लहान, न दुखणारी असेल तर बहुधा काहीच करावं लागत नाही. पू झाला की मात्र बसता येत नाही, चालता येत नाही.

सुदामानगरहून एक शिक्षिका आल्या होत्या. खुर्चीच्या कडेला एका बाजूने टेकल्या, एक हात टेबलावर घट्ट. शाळेत सगळे तास उभ्याने घेत होत्या आणि घरी सासूबाईंना कंबर धरल्याचं सांगितलं होतं. दर वेळी कुणीतरी चीर देऊन पू काढायचं, बरं वाटायचं, काही महिन्यांनी गाठ पुन्हा तिथेच.

पुन्हा होणारच! चीर लगेच मिटते, ग्रंथी पाझरायची थांबत नाही. वारंवार होणाऱ्या गाठीत नुसता निचरा पुरत नाही, वाट उघडी राहायला हवी. त्यासाठी वर्ड कॅथेटर म्हणजे टोकाला फुगा असलेली बारीक रबरी नळी आत ठेवतात, फुग्यात २-३ मिली सलाइन भरतात आणि ती ४ ते ६ आठवडे राहू देतात. दुसरा उपाय मार्सुपियलायझेशन. गाठ उघडून तिच्या अस्तराची कड बाहेरच्या त्वचेला शिवून टाकतात, सदऱ्याला काज करतात तशी. ऑपरेशन छोटं असतं, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. तरीही काहींना गाठ परत होते, हे मी आधीच सांगते. ग्रंथी काढणं अगदी शेवटी, कारण त्यात रक्तस्राव बराच होऊ शकतो.

घरी गेल्यावर टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून ३-४ वेळा, १०-१५ मिनिटं बसा. पाण्यात जंतुनाशक ओतू नका, तिथली त्वचा नाजूक असते. थोडा लालसर स्राव काही दिवस येतो, त्याला घाबरू नका. जखम भरेपर्यंत शरीरसंबंध नको, आणि हे नवऱ्याला डॉक्टरांकडूनच ऐकवायचं असेल तर त्यांना सोबत आणा. ताप आला, सूज वाढली, घाण वास येऊ लागला तर त्याच दिवशी दाखवा. घरी सुईने फोडायचा उद्योग कृपा करून करू नका.

एक प्रश्न बायका दार लावून घेतल्यावरच विचारतात : हे नवऱ्याकडून आलं का? लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग कधी कधी कारण असतो, म्हणून पू तपासायला पाठवतो. पण बऱ्याचदा सापडतो तो आपल्याच आतड्यातला ई. कोलाय हा जंतू. तेव्हा रिपोर्ट यायच्या आधी कुणाच्या चारित्र्यावर जाऊ नका, आणि बाई अस्वच्छ राहते असंही म्हणू नका.

एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जा की खाजगी नर्सिंग होममध्ये, पू काढायच्या आधी विचारा, ‘डॉक्टर, वाट उघडी राहावी म्हणून काय करणार?’ आणि चाळिशीनंतर अशी गाठ पहिल्यांदाच आली तर तिचा तुकडा तपासून घ्या. तिथला कर्करोग फार विरळा, पण त्या वयात तो नाही याची खात्री करावीच लागते. घरातल्या आईला, सासूबाईंना, मोलकरणीला हे तुम्हीच सांगा, त्या आपणहून विचारणार नाहीत.