रूथनं बांधलेलं घर

[पडद्यावर: जुनी तबकडी फिरते आहे. आवाज फक्त खंजिरीचा.]

खंजिरी ऐका. आता गायिकेचा आवाज येईल. ओळ संपत आली की नीट कान द्या. शेवटच्या शब्दावर आवाज अचानक वर उडी मारतो आणि किंचित चिरकतो. गाणं शिकवणाऱ्या कुठल्याही मास्तरांनी ही जागा आधी काढून टाकायला लावली असती. रूथ ब्राऊननं ती ठेवली. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमध्ये रेडिओवर कोण गातंय हे लोक तेवढ्या एका चिरकण्यावरून ओळखायचे.

गाण्याचं नाव 'मामा, ही ट्रीट्स युवर डॉटर मीन'. लेक आईला सांगते आहे, हा माणूस मला धड वागवत नाही गं. जात्यावरच्या ओवीत आपल्याकडच्या लेकी आईला हेच सांगत आल्या, म्हणून असेल, इंग्रजीतला एक शब्द कळला नाही तरी हे गाणं समजतं. गंमत अशी, की रूथला ते आधी मुळीच पसंत नव्हतं. 1953मध्ये ते रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे काळ्या लोकांच्या संगीताच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं.

[पडद्यावर: पोर्ट्समथची गोदी, जुनी छायाचित्रं.]

12 जानेवारी 1928. व्हर्जिनिया राज्यातलं पोर्ट्समथ हे बंदराचं गाव. रूथ वेस्टन ही सात भावंडांतली थोरली. वडील आठवडाभर गोदीत राबायचे आणि रविवारी चर्चमध्ये भजनीमंडळ सांभाळायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं नॉर्थ कॅरोलायनात आजीच्या शेतावर जायची, कापूस वेचायला.

वडिलांच्या लेखी गाणं देवाचं. बाकीचं सगळं सैतानाचं. पण युद्धाचे दिवस होते, गाव नौदलाचं, आणि सैनिकांच्या क्लबांमध्ये रोज संध्याकाळी गाणी व्हायची. रूथ घरी न सांगता तिथे जाऊन गायला लागली. 1945मध्ये, सतराव्या वर्षी, ती जिमी ब्राऊन नावाच्या ट्रम्पेटवादकाबरोबर पळून गेली. लग्न केलं. मग कळलं की त्याचं आधीच एक लग्न झालेलं आहे. संसार मोडला. आडनाव मात्र तिनं ठेवलं, कारण तोवर लोक तिला त्याच नावानं ओळखू लागले होते.

पुढे लकी मिलिंडर यांच्या वाद्यवृंदात जागा मिळाली. महिनाभरात गेलीही. वादकांना प्यायला काहीतरी नेऊन दिलं, एवढं निमित्त मिलिंडर यांना तिला काढायला पुरलं. वॉशिंग्टन शहरात, खिशात पैसे नाहीत, अशी ती उभी राहिली. तिला हात दिला ब्लँश कॅलोवे यांनी. त्या स्वतः वाद्यवृंद चालवलेल्या गायिका होत्या, कॅब कॅलोवे यांच्या थोरल्या बहीण. त्यांनी रूथला क्रिस्टल कॅव्हर्न्स या क्लबमध्ये गायला लावलं आणि तिचं सगळं काम बघायला घेतलं. या गोष्टीत ब्लँशबाईंचं नाव बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात. मला ते पटत नाही. त्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तिथेच विलिस कॉनोव्हर या रेडिओ निवेदकानं तिला ऐकलं आणि न्यूयॉर्कमधल्या एका नव्या कंपनीला कळवलं. कंपनीचं नाव अटलांटिक रेकॉर्ड्स. वय जेमतेम एक वर्ष. चालवणारे अहमद अर्टेगन, तुर्की राजदूतांचा मुलगा, आणि हर्ब अब्रामसन.

[पडद्यावर: रात्रीचा रस्ता, मोटारीचे दिवे.]

ऑक्टोबर 1948. रूथ आणि ब्लँश मोटारीनं न्यूयॉर्कला निघाल्या. अपोलो थिएटरमध्ये गायचं, कंपनीच्या लोकांना भेटायचं. पेनसिल्व्हेनियात चेस्टरजवळ अपघात झाला. रूथचे दोन्ही पाय चिरडले. तिनं कित्येक महिने रुग्णालयात काढले, आणि पायांचं दुखणं जन्मभर पुरलं.

करार तिथे, खाटेवर झाला. तिच्या एकविसाव्या वाढदिवशी अर्टेगन नोटेशन वाचायला शिकवणारं पुस्तक घेऊन तिला भेटायला आले. म्हणजे ही पोरगी पुन्हा उभी राहणार आणि गाणार, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. हा चांगुलपणा खरा होता. तो लक्षात असू द्या, कारण पुढचा हिशेब याच घरातला आहे.

मे 1949मध्ये रूथ कुबड्यांवर स्टुडिओत आली आणि 'सो लाँग' गायली. गाणं चाललं. पुढच्याच महिन्यात बिलबोर्ड साप्ताहिकानं काळ्या लोकांच्या संगीताच्या यादीचं नाव बदललं. तोवर त्या तबकड्यांना उघड उघड 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत, जातीच्या तबकड्या म्हणा ना. आता नाव आलं 'रिदम अँड ब्लूज'.

1950चं 'टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मग '5-10-15 अवर्स'. मग खंजिरीवालं गाणं. मग 'ओ व्हॉट अ ड्रीम', 'मॅम्बो बेबी'. 1949 ते 1955 या काळात तिची गाणी मिळून 149 आठवडे यादीत होती. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमला बेब रूथ या बेसबॉलपटूवरून 'रूथनं बांधलेलं घर' म्हणायचे. लोक आता अटलांटिकलाच ते म्हणू लागले.

[पडद्यावर: दौऱ्याची बस.]

वर्षातले बरेचसे दिवस बसमध्ये जायचे. दक्षिणेत तंबाखूच्या गोदामांत कार्यक्रम व्हायचे. मध्ये दोर बांधायचा, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. कधी गोरे वर बसून बघायचे आणि काळे खाली नाचायचे. गाणं दोराच्या दोन्हीकडे सारखंच पोचायचं. जिच्या गाण्यासाठी ही गर्दी, तिला रस्त्यावरच्या हॉटेलात जेवण मिळायचं नाही, पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह वापरता यायचं नाही. तिची गाणी गोऱ्या गायिका पुन्हा गायच्या, आणि मोठ्या रेडिओ केंद्रांवर त्या वाजायच्या. 'ओ व्हॉट अ ड्रीम' पॅटी पेज यांनी असंच गायलं.

1960च्या सुमारास वारा फिरला. रॉक अँड रोल आलेलंच होतं, नवे चेहरे आले. 1961मध्ये रूथ अटलांटिकमधून बाहेर पडली.

पुढची बरीच वर्षं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गेली. पदरात दोन मुलगे. तिनं लोकांच्या घरी धुणीभांडी केली, लहान मुलांच्या बालवर्गात काम केलं, शाळेची बस चालवली. या वर्षांची छायाचित्रं आमच्या हाती जवळजवळ नाहीत. म्हणून इथे पडदा थोडा वेळ रिकामा ठेवतो आहोत.

[पडद्यावर: काही नाही. दहा सेकंद.]

1970च्या दशकाच्या मध्यात विनोदी नट रेड फॉक्स यांनी तिला लॉस एंजेलिसला बोलावून घेतलं. 'सेल्मा' या संगीत नाटकात ती महालिया जॅक्सन झाली. देवाची गाणी गाणाऱ्या महालियाची भूमिका! पोर्ट्समथच्या चर्चमधल्या त्या वडिलांची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. मग दूरचित्रवाणी, मग 1988मध्ये 'हेअरस्प्रे' चित्रपट.

आता त्या हिशेबाकडे येऊ.

हॉवेल बेगल हा वॉशिंग्टनमधला वकील. लहानपणापासून रूथच्या गाण्यांचा वेडा. तो आपल्याकडच्या तबकड्या घेऊन तिची सही घ्यायला गेला. बोलता बोलता त्याला कळलं की या तबकड्यांच्या विक्रीतून तिला वर्षानुवर्षं दमडीही मिळालेली नाही.

हे कसं चालायचं ते समजून घ्या. गाणं ध्वनिमुद्रित करताना गायकाला थोडी रक्कम आगाऊ द्यायची. ती उचल. स्टुडिओचं भाडं, वादकांची बिदागी, सगळं गायकाच्याच खात्यावर मांडायचं. रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतल्या गायकाच्या वाट्याचा, टक्का लहान, आणि आधी त्यातून हे सगळं वळतं करून घ्यायचं. म्हणजे गाणं लाखांनी खपलं तरी वहीत गायकच देणेकरी. उचल काय असते आणि ती का फिटत नाही, हे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना वेगळं सांगायला नको. रूथच्या खात्याचंही तेच. जिनं घर बांधलं, तिच्याच नावावर बाकी निघत होती.

बेगलनं फी न घेता तिचं काम हाती घेतलं. एकेक करून आणखी गायक पुढे आले. रूथनं स्वतःपुरतं मिटवून घेतलं नाही. मुलाखतींत, सभांत, जिथे माईक मिळेल तिथे ती हा हिशेब मांडत राहिली. अटलांटिकचेच जुने गायक बिग जो टर्नर 1985मध्ये वारले, तोवरही निकाल लागलेला नव्हता.

1988. अटलांटिकचं चाळिसावं वर्ष साजरं होत होतं. कंपनीनं रूथची आणि आणखी पस्तीस कलावंतांची जुनी बाकी पुसली आणि मागच्या वीस वर्षांची रॉयल्टी द्यायचं कबूल केलं. शिवाय जवळजवळ वीस लाख डॉलर दिले, त्यातून रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. म्हातारपणी औषधपाण्याला, घरभाड्याला मोताद झालेल्या गायक-वादकांना तिथून मदत मिळू लागली.

रूथला तिच्या वाट्याचा पहिला चेक मिळाला तेव्हा ती साठीची होती.

आणि मग गाण्यानंही तिला परत उचलून घेतलं. 1989मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या 'ब्लॅक अँड ब्लू'साठी नाटकांचा टोनी पुरस्कार, पुढच्या वर्षी संगीताचा ग्रॅमी. तिनं तो प्रयोग सोडला तेव्हा तिच्या जागी उभी राहिली लाव्हर्न बेकर, अटलांटिकच्याच जुन्या दिवसांतली दुसरी मोठी गायिका. ती तर फिलिपिन्समधल्या अमेरिकी नौदल तळावर वीसेक वर्षं गात राहिली होती. 1993मध्ये रूथचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये लागलं.

17 नोव्हेंबर 2006 रोजी नेवाडा राज्यात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तिचं निधन झालं. तिला व्हर्जिनियात आणलं गेलं, चेसापीकला. पोर्ट्समथ तिथून अगदी शेजारी आहे.

[पडद्यावर: गोदी, संध्याकाळ. खंजिरी पुन्हा सुरू. गाणं पूर्ण वाजू द्यावं, निवेदन नाही.]