बक्षिसाची मोटारसायकल आणि तिचा टॅक्स

श्रोतेहो, नमस्कार. २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडी शर्यतीच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. आता आपल्या सांगली भागात यात्रेचं मैदान म्हटलं की ढालीच्या जोडीला मोटारसायकल ठेवलेली दिसते.

समजा, गाडी १ लाखाची आहे. गुलाल उधळला, फेटा बांधला, आता चावी द्यायची. थांबा! प्राप्तिकर कायदा म्हणतो की, किमतीच्या ३० टक्के, म्हणजे ३०,००० रुपये सरकारजमा झाल्याशिवाय कमिटीनं गाडी सोडायची नाही. रोख बक्षीस असेल तर पैसे कापून घेता येतात. गाडीचं चाक काही कापता येत नाही! मग हा भार विजेत्यानं उचलायचा की कमिटीनं, हे पत्रकातच छापलेलं बरं. मांडवात हुज्जत नको. बक्षीस १०,००० रुपयांच्या आत असेल तर कपात होत नाही, पण कर माफ होत नाही.

"शेतकऱ्याला कसला आलाय टॅक्स?" हे मी नेहमी ऐकतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, हे खरं. पण शर्यतीचं बक्षीस म्हणजे शेतीचं उत्पन्न नव्हे. दुसरी काही कमाई नसली तरी त्यावर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर, मिळून ३१.२ टक्के द्यावेच लागतात. करमुक्त मर्यादेचा आडोसा इथं मिळत नाही. बैलाची पेंड, खुराक, टेम्पोचं भाडं, काहीच वजा होत नाही. शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या मालकाला मात्र खर्च वजा करू देतात. आमच्या खोंडानं काय घोडं मारलंय, कोण जाणे!

आणखी एक गुंता पैऱ्याचा. एक बैल तुमचा, दुसरा पाहुण्यांचा, बक्षीस निम्मं-निम्मं. पण पॅन एकाचाच दिला तर कापलेला सगळा कर त्याच्याच नावावर दिसतो. म्हणून वाटणी कशी होणार, हे कमिटीला आधीच लेखी द्या आणि दोघांचेही पॅन द्या.

रिटर्न भरताना नेहमीचा 'सहज' फॉर्म अशा बक्षिसाला चालत नाही. तेव्हा कर सल्लागाराकडे जाताना कमिटीकडून कर कापल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि सोबत न्या.