वर्ग कुणाला, कुणी ठरवलं?

[दृश्य: जिल्हा परिषद शाळेचं कार्यालय. टेबलावर हजेरी मस्टर, भिंतीवर कोरं वेळापत्रक.]

जूनचा मध्य. शाळा उघडायची आहे आणि आज वर्गवाटप आहे.

जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना शिक्षकांचा पगार वाढवता येत नाही. वेतन राज्य सरकारच्या ‘शालार्थ’ या ऑनलाइन प्रणालीतून निघतं, बदल्याही वरूनच होतात. मग त्यांच्या हातात उरतं काय? वर्ग कुणाला, प्रशिक्षणाला कोण जाणार, यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, माहिती कोण भरणार. वरवर किरकोळ दिसणारे हेच निर्णय शिक्षकाचं अख्खं वर्ष घडवतात किंवा नासवतात.

समजा, एका बाईंनी गेल्या वर्षी पहिलीला वाचायला शिकवलं. कोण कुठल्या जोडाक्षराला अडतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. तीच मुलं दुसरीत आपल्याकडे असावीत, असं त्यांना मनापासून वाटतं. यादी लागते: बाईंना पाचवी. विचारलं तर उत्तर एकच, ‘आता ठरलंय.’ बाई पाचवी शिकवतील. पाठाचं टाचण वेळेवर काढतील. पण शाळा सुटल्यावर एखाद्या पोराला जवळ बसवून पुन्हा वाचून घेणं थांबतं. याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

१९३९ साली मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांच्या गटांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं. सगळ्यांशी बोलून ठरवणारा बाहेर गेला, तरी ते चालू राहायचं. शिक्षक म्हणजे काही लहान मुलं नव्हेत, पण तपासणी आटोपल्यावरची शाळा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून हात झटकणं हाही उपाय नाही. तिथे ऑनलाइन कामं नेमकी नाही म्हणू न शकणाऱ्या नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडतात. आणि सगळं आधीच ठरवून मग ‘मत सांगा’ म्हणणारी बैठक तर सर्वांत जास्त मन मोडते.

प्रत्येक बाबतीत विचारावं, असं शिक्षकांचं म्हणणं नसतं. पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, टपाल, बिलं मुख्याध्यापकांनी परस्पर पाहिली तर त्यांना बरंच वाटतं. शिकवण्याला हात घालणारा निर्णय मात्र विचारून व्हावा.

बाईंना पाचवी द्यावी लागेलही. ‘अपूर्णांक तुमच्याइतके नीट इथे कुणी शिकवत नाही,’ हे समोर बसून सांगता येतं. मग कदाचित त्याच म्हणतील, ‘घेते पाचवी. फक्त दुसरीच्या सरांसोबत एकदा बसू द्या, कुठलं मूल कुठे अडतं ते त्यांना सांगते.’