दुसरा रूळ कुठून जाणार?

(दृश्य: क्रॉसिंगला थांबलेली गाडी. प्लॅटफॉर्मवर पाय मोकळे करणारे प्रवासी.)

समोरची गाडी आल्याशिवाय सिग्नल मिळणार नाही, हे या चाकरमान्यांना पाठ आहे. रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटरची कोकण रेल्वे 1998 साली सलग सुरू झाली. तिचा बहुतेक भाग आजही एकेरीच आहे. गणपतीत जादा गाड्या सुटतात, पण रूळ तेवढाच. एक गाडी रखडली की मागच्या रखडतात आणि समोरच्याही.

मुंबईकडचं दुखणं वेगळं. कळवा-मुंब्र्यात एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला डोंगर, मध्ये रुळांना खेटून वस्ती. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन तिथून काढता काढता 2022 उजाडलं.

रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला. पुढे काम अवघड होत जातं. उक्शी-भोके दरम्यानचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यात दुसरा रूळ मावत नाही. शेजारून नवा बोगदा पाडायचा, तोही जुन्यातून गाड्या चालू ठेवून. म्हणून खारेपाटण रोडसारखी क्रॉसिंगची स्टेशनं अधेमधे काढली, हे शहाणपणाचंच झालं. दोन स्टेशनांमधलं अंतर कमी, तर ताटकळणंही कमी.

(दृश्य: सातबाऱ्याचा उतारा, जवळून.)

आता जमीन. आंब्याची चाळीस कलमं आणि सातबाऱ्यावर नावांची ही रांग. आजोबा कधीच वारले, वारसनोंद राहिली. एक काका परळला, आत्या विरारला. मोबदला कुणाच्या खात्यात जमा करायचा? इथंच फाईल अडते. गावकरी अडवतात म्हणणाऱ्यांनी हा उतारा एकदा वाचावा.

(दृश्य: भराव, त्याखालची मोरी, पलीकडे भाताची खाचरं.)

आणि पाणी. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठी चढली, चिपळूण बुडालं, गाड्या जागच्या जागी थांबल्या. ती तर मोठी नदी, सगळ्यांना दिसते. पण भरावाखालची मोरी लहान पडली तर साधा पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओढासुद्धा लावणी बुडवतो. मे महिन्यात मोजणी केली तर तो पऱ्ह्या कोरडा, नुसती दगडांची ओळ. त्यामुळे वीरच्या पुढची आखणी करणाऱ्यांनी एक फेरी भर जुलैत मारावी, आणि सोबत त्या खाचराचा मालक घ्यावा. पाणी कुठवर चढतं, ते तो बांधावर उभा राहून बोटानं दाखवेल.