हेडसर गेल्यानंतरचे पंधरा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक गेले, की दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. नाव, वय, त्यांच्या मागे पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे, आणि रक्षाविसर्जन पंचगंगा स्मशानभूमीत किती वाजता. बातमीचं काम तेवढंच. सरांनी शाळेत काय केलं, हे सांगायचं काम शाळेचं आणि माजी विद्यार्थ्यांचं. ते मात्र बऱ्याचदा शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय, ऋषितुल्य अशा तीन शब्दांत उरकलं जातं. हे शब्द जिल्ह्यातल्या कुठल्याही मुख्याध्यापकांना चालतात, म्हणून ते ऐकून आपले सर डोळ्यांसमोर येत नाहीत.

राजर्षी शाहू महाराजांबद्दल आपण कसं नेमकं बोलतो बघा. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. हे सांगता येतं, कारण हुकूम आणि दफ्तर जपलं गेलं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाऊन ती कागदपत्रं आजही अभ्यासता येतात. आपल्या हेडसरांचंही दफ्तर असतं, शाळेच्या कपाटात. पहिल्या पंधरा दिवसांत ते उघडलं तर उघडलं. नंतर जून येतो, प्रवेश सुरू होतात आणि विषय मागे पडतो.

काय उघडायचं? नेमणूक, बढती आणि निवृत्तीच्या तारखा सेवापुस्तकातून किंवा जुन्या मस्टरवरून घ्या, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारून नको. ग्रुपवर प्रत्येकजण आपल्या दहावीच्या वर्षावरून अंदाज बांधतो, आणि एकदा चुकीचं साल छापलं की ते स्मरणिकेत, फलकावर आणि पुढच्या प्रत्येक भाषणात तसंच राहतं. तारखा क्लार्ककडून लिहून घ्या. सेवापुस्तकाचे फोटो काढून फिरवू नका, त्यात घरची खासगी माहिती असते. विद्यार्थ्यांच्या जनरल रजिस्टरलाही हेच लागू.

खरा ऐवज असतो तो लॉगबुकात आणि सूचनावहीत. लॉगबुक म्हणजे मुख्याध्यापकांनी शिक्षकांचे तास पाहून लिहिलेले शेरे. फळ्यावरचं अक्षर मागच्या बाकावरून वाचता येत नाही, आकृती तासाआधी काढून ठेवावी, उत्तर देणारी मुलं तीच ती आहेत, अशा धाटणीच्या दोन-तीन ओळी आणि खाली सही. तास कोणत्या बाकावर बसून पाहिला, हेसुद्धा अशा शेऱ्यावरून कळतं. सूचनावहीत पावसाळ्यात शाळा कधी लवकर सोडली, सहलीला कोणत्या अटी घातल्या, फीच्या मुदती किती वेळा वाढवल्या, हे सापडतं. पाच-सहा पानं निवडा, दिवसाउजेडी खिडकीपाशी वही सपाट ठेवून वरून सरळ फोटो घ्या, फ्लॅश बंद ठेवून. ज्या शिक्षकावर शेरा आहे त्यांचं नाव मात्र झाका, ते अजून गावात राहत असतात.

वह्या सापडतीलच असं नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडे तळमजल्यावरच्या खालच्या कप्प्यांतले पुष्कळ कागद गेले. ओली वही सुकली की पानं एकमेकांना चिकटतात. ती जबरदस्तीने सोडवली तर शाई एका पानावरून दुसऱ्यावर येते, दोन्ही पानं जातात. सुटतील तेवढीच सोडवा, बाकीचं जाणकाराला दाखवा. जुन्या ग्रुप फोटोंचंही तसंच. दमट हवेत फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट तिरप्या उजेडात त्याचा फोटो घ्या.

आता माणसं. सगळे आधी निवृत्त शिक्षकांकडे जातात. आमचं मत असं, की आधी शिपायांकडे जावं, मग क्लार्ककडे. केबिनची किल्ली कुणाकडे असायची, सर किती वाजता यायचे, डब्यातलं कुणाला द्यायचे, पालकांशी दार लावून बोलायचे की उघडं ठेवून, हे त्यांना ठाऊक असतं. शिवाय ते वयानं मोठे असतात, त्यांच्याकडे जाणं पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

आठवण घेताना ‘सर कसे होते?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘देवमाणूस’. तिथंच गाडं अडतं. त्यापेक्षा विचारा: उशिरा आलेल्या मुलांना कुठं उभं करायचे? टेबलावर डाव्या हाताला काय असायचं? दहावीचा निकाल आला की पहिल्यांदा काय बघायचे, वर्गातला पहिला की नापासांची यादी? फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, पण टेबलाला न टेकवता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाची ठकठक येत नाही. चाळीस मिनिटं पुरे. फाइलला लगेच नाव आणि तारीख द्या.

एक गोष्ट जपायला हवी. ‘सरांनी माझी फी भरली होती’ असं सांगणारे भेटतातच. ज्यानं स्वतःहून सांगितलं त्यानं सभेत सांगावं. दुसऱ्या कुणाची फी सरांनी भरली, हे नावानिशी सांगू नये. सरांनी ते झाकून ठेवलं होतं.

सभा तेराव्यानंतरच्या रविवारी ठेवा, पुण्या-मुंबईची मुलं येऊ शकतात. एकूण वेळ सव्वा तास, सहा वक्ते, प्रत्येकी चार मिनिटं, आणि प्रत्येकाला आधीच सांगायचं की एकच प्रसंग. आयत्या वेळी आलेल्या मान्यवरांना माइक द्यावा लागतो, ते टळत नाही, तेव्हा दहा मिनिटं त्यांच्यासाठी गृहीत धराच. घरच्यांना बोलायचा आग्रह नको. सभेत ठेवायचा सरांचा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर बारा बाय अठरा इंचांवर तो फुटतो, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. छपाईला निदान १८०० बाय २७०० पिक्सेल हवेत. आणि फ्लेक्स लावायचाच असेल तर त्यावर फक्त सर असू द्या. कोपऱ्यात अंगठ्याएवढे सर आणि भोवती श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे, ही आपल्या चौकाचौकातली तऱ्हा शाळेच्या फाटकावर तरी नको.

दुखवट्याचा ठराव अर्ध्या पानाचा पुरे: पूर्ण नाव, तीन तारखा, दोन ठोस कामं, आणि सहवेदना. तो उभं राहून वाचायचा, संस्थेच्या इतिवृत्तात नोंदवायचा, आणि अध्यक्ष-सचिवांच्या सहीची प्रत आठवड्याच्या आत कुणीतरी स्वतः घरी नेऊन द्यायची.

शेवटी स्मृती पारितोषिक. सभेतच पैसे जमायला लागतात आणि घोळ इथंच होतो. कुणा एकाच्या खात्यावर किंवा गूगल पेवर रक्कम घेऊ नका. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावरच घ्या, प्रत्येकाला पावती द्या. आयकरात सवलत हवी असणाऱ्यांना सांगा, की दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर सवलत मिळत नाही. रक्कम कायम ठेव म्हणून आहे, हे देणगीदाराकडून लेखी घ्या. नाहीतर ती वर्षाच्या खर्चात मिसळते.

गणित असं. दरवर्षी दीड हजारांची दोन बक्षिसं द्यायची तर तीन हजार लागतात. सहा टक्के व्याजानं पन्नास हजारांत भागतं, पण दर पाचवर आला की पाचशे कमी पडतात. म्हणून साठ हजार जमवा. सहा टक्क्यांनी छत्तीसशे येतील, त्यातले सहाशे मुद्दलात टाका. हे केलं नाही की काय होतं, ते जुन्या शाळांच्या बक्षीस समारंभात दिसतं: एकेकाळी भरघोस असलेलं अकरा किंवा पंचवीस रुपयांचं पारितोषिक आज पाकिटाच्या किमतीत जातं.

बक्षिसाचा निकष सरांच्या कामाशी जुळणारा ठेवा. सर नापासांची यादी आधी बघत असतील, तर सहामाहीत नापास होऊन वार्षिकला सर्वांत जास्त गुण वाढवणाऱ्याला द्या. एखाद्या वर्षी कुणी पात्र नसेल तर व्याज मुद्दलात जाईल, हेही ठरावात लिहा.

आणि ठेवीची पावती. मुख्याध्यापक बदलतात, पावती फाइलीत राहते, नूतनीकरण कुणी करत नाही. दहा वर्षं खात्याकडे कुणी फिरकलं नाही तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करते. परत मिळवता येते, पण हेलपाटे घालावे लागतात. म्हणून ठेवीचा क्रमांक, बँक, मुदत संपण्याची तारीख आणि बक्षिसाचा निकष या चार गोष्टी मुख्याध्यापकांच्या चार्ज यादीत लिहून ठेवा. नवे सर किंवा मॅडम चार्ज घेताना त्या ओळीपुढे सही करतील.

नमस्कार.