मधला भाग टाकू नका

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘अश्मीभूत लाकडावरून लुप्त झाडाची ओळख’. तिकडे वळतोच, पण आधी एका बंगल्यातली गोष्ट. ती माझ्या मनात कित्येक वर्षं सलते आहे.

दिवाणखान्यात टीपॉयवर दगड झालेल्या खोडाची चकती बसवलेली होती. आरशासारखी घासलेली. मालकांनी हौसेनं वलयं मोजून दाखवली. मी विचारलं, बाकीचा ओंडका कुठाय? म्हणाले, “कापताना मधला भाग भुसभुशीत निघाला, टाकून दिला.” चहा समोर होता, पण घोट उतरेना. कोट्यवधी वर्षं टिकलेलं खोड, आणि त्याची भेंड, म्हणजे खोडाच्या मधोमध असलेला मऊ गाभा, कचऱ्यात! वलयांवरून फार तर ऋतू कळतात. झाड कुठल्या कुळातलं हे कळायला तीन छेद लागतात: आडवा, त्रिज्येतून उभा, आणि सालीला समांतर उभा. प्रत्येक छेदाचा काप काचेवर कार्बोरंडमच्या (कठीण घासणीच्या) पुडीनं प्रकाश आरपार जाईपर्यंत घासायचा. (मागच्या बाकावरच्या मुलांनो, शेवटचं घासणं यंत्रावर सोडू नका. बोटाला कळतं ते मोटारीला कळत नाही. आणि हो, एक नमुना वाया गेला तरी रडायचं नाही. दुसरा नसेल तर मात्र रडायला हरकत नाही.)

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर मुख्य मुद्दा.

१९३२ साली वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी झारखंडातल्या राजमहाल टेकड्यांतल्या एका अश्मीभूत लाकडाचं वर्णन केलं. आडव्या छेदात वाहिन्यांची (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची) मोठी भोकं नाहीत, म्हणजे चीड-देवदाराच्या गोतातलं वाटावं. पण उभ्या छेदात पेशींच्या भिंतींवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या खाचा. ड्रिमिस, ट्रोकोडेंड्रॉन अशी काही सपुष्प झाडं आजही वाहिन्यांवाचून जगतात. साहनींनी हे लाकूड त्यांच्याजवळ नेलं आणि होमोझायलॉन असं नाव दिलं. सपुष्प वनस्पतींचा एवढा जुना पुरावा! निरीक्षण अचूक होतं, पण हातात नुसतं बाहेरचं काष्ठ होतं.

१९५२ साली शू आणि बोस या संशोधकांनी याच लाकडाचे, भेंड आणि तिच्याभोवती सगळ्यात आधी तयार झालेलं काष्ठ शाबूत असलेले नमुने तपासले. ते लाकूड सपुष्प झाडाचं नव्हे, बेनेटायटेलीझ या सायकससारख्या दिसणाऱ्या, पुरत्या नष्ट झालेल्या गटाचं असावं असं दिसलं. आणि त्याच १९३२ साली, त्याच टेकड्यांतल्या अवशेषांवरून, त्याच गटातलं विल्यमसोनिया हे झाड साहनींनी स्वतः जुळवलं होतं! १९५४ साली बोस आणि साह यांनी लाकडाचं नाव बदलून साहनिऑक्सिलॉन केलं.

आपल्याकडे गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वडधमला अशीच दगडी खोडं आहेत. तिथं कुणाच्या शेतात ओंडका निघाला तर त्याच जागी फोटो काढा, उचलू नका, आणि मधला भाग भुसभुशीत दिसला तर त्याला हातही लावू नका.