गच्चीवरची वीज आणि कागदावरचे तिचे हरितपण

वर्षभरात इमारतीने जेवढी वीज वापरली तेवढीच नवीकरणीय वीज तिच्या नावावर जमा झाली, तर त्या इमारतीला आपण नेट झिरो म्हणतो. आज मला बोलायचे आहे ते ‘तिच्या नावावर’ या शब्दांविषयी. वीज तारेतून जाते, पण तिचे हरितपण प्रमाणपत्रातून जाते, आणि या दोन वाटा पुष्कळदा फुटतात.

आधी साधा हिशेब मांडू. पाच मजल्यांचे, एकूण 2,000 चौरस मीटरचे एक कार्यालय धरा. त्याची गच्ची 400 चौरस मीटरची. पण पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, एसीची बाहेरची यंत्रे आणि या सगळ्यांची पडणारी सावली वजा केली, की पॅनेलसाठी निम्मीच जागा उरते. एका किलोवॅटला साधारण 10 चौरस मीटर धरले तर 20 किलोवॅट बसतात आणि आपल्याकडच्या उन्हात त्यांतून वर्षाला सुमारे 28,000 युनिट मिळतात. कार्यालयाचा वापर दर चौरस मीटरला वर्षाला 100 युनिट असेल, तर गरज 2,00,000 युनिटची होते, म्हणजे गच्ची जेमतेम सातवा हिस्सा भागवते. खिडक्यांवर छज्जे घालून, दिवे आणि एसी बदलून हा वापर 60 युनिटांवर आणला, तरी 92,000 युनिट बाहेरून आणावेच लागतात. दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनाचे 2014 साली उद्घाटन झाले, तेव्हा तेथे 930 किलोवॅटची पॅनेले बसवली होती. त्यासाठी आधी इमारतीची गरज कसून कमी केली होती आणि तरीही पॅनेलांचे छत भिंतींच्या बाहेरपर्यंत पसरवावे लागले. शहरातल्या उंच इमारतींना तेवढी मोकळीक क्वचितच असते.

उरलेल्या विजेसाठी प्रमाणपत्रे आहेत, म्हणजे कुठेतरी एवढी नवीकरणीय वीज तयार झाली याची विकत घेता येणारी नोंद. आपल्या देशात 2010 पासून चालत आलेल्या व्यवस्थेत एक प्रमाणपत्र म्हणजे 1,000 युनिट. तेव्हा आपल्या कार्यालयाला वर्षाला 92 प्रमाणपत्रे लागतील. हरित इमारतींना गुण देणाऱ्या ‘लीड’ मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत अशा खरेदीला गुण आहेत: निम्म्या ऊर्जेसाठी 1, संपूर्ण ऊर्जेसाठी 2, आणि करार किमान 5 वर्षांचा हवा. त्याच आवृत्तीत नव्या इमारतीला ऊर्जेचा वापर घटवण्याबद्दल 18 पर्यंत गुण मिळू शकतात. हे प्रमाण मला अगदी रास्त वाटते. खरेदीपासून सुरुवात करणारा मालक पुढची कितीतरी वर्षे उधळपट्टीचे बिल भरत राहतो.

आता जिथे चूक होते, त्या जागी येतो. एका गृहनिर्माण संस्थेत मला नेट मीटर, म्हणजे तारेतून घेतलेली आणि गच्चीवरून परत दिलेली वीज मोजणारा मीटर, दाखवला गेला. त्याच्या छोट्या पडद्यावर आयात आणि निर्यात असे दोन आकडे आळीपाळीने उमटत होते, आणि फाटकावर पाटी होती, ‘संपूर्ण हरित वीज’. सचिवांचा अभिमान खरा होता. परंतु आपल्या महाराष्ट्राच्या नेट मीटरिंगच्या नियमांनुसार ग्राहकावर नवीकरणीय खरेदीचे बंधन, म्हणजे ठरावीक हिस्सा हरित वीज घेण्याची सक्ती, नसेल, तर त्याच्या गच्चीवरची वीज वितरण कंपनीच्या बंधनपूर्तीत धरली जाते. म्हणजे त्या विजेचे हरितपण आधीच दुसऱ्या खात्यावर जमा झालेले असते. पॅनेले आपली आहेत, पैसे आपले गेले आहेत, म्हणून हे ऐकताना जिवाला लागते, हे मी जाणतो. तरीही एकच युनिट दोघांनी मोजले, तर हवेतला कार्बन दोनदा कमी होत नाही. जो प्रकल्प आपल्या विजेची प्रमाणपत्रे बाजारात विकतो, त्यालाही हाच नियम लागू आहे: प्रमाणपत्र विकले की दावाही विकला.

दुसरी वाट वितरण कंपनीकडूनच हरित वीज घेण्याची आहे. राज्य वीज नियामक आयोगाने 2021 साली त्यासाठी नेहमीच्या दरावर प्रतियुनिट 66 पैसे जादा आकार मंजूर केला आणि अशा ग्राहकाला कंपनीने दरमहा तसे प्रमाणपत्र देण्याची सोय केली. ज्या संस्थेला बाजारात उतरण्याची उठाठेव झेपत नाही, तिला मी हीच वाट सुचवतो.

प्रमाणपत्र हाती आले, की एकूण आकडा शेवटी पाहावा. आधी वीज कोणत्या प्रकल्पात, कोणत्या काळात तयार झाली ते वाचावे, मग अनुक्रमांक तपासावेत, आणि ती प्रमाणपत्रे आपल्याच इमारतीच्या नावे वापरून नोंदवहीतून कायमची बाद झाली आहेत, याचा लेखी पुरावा मागावा. ही नोंद नसेल तर तेच 92 कागद उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी फायलीत लागू शकतात.